चष्म्यातला हिरवा दिवा

माझ्या नाकावर कायम राग असतो, असं आमच्या केंद्रात सगळे म्हणतात. नाकावर असतो तो चष्मा. राग त्याच्या मागे असतो आणि कारण मिळालं की पुढे येतो, एवढंच. त्या दिवशी कारण सकाळीच मिळालं. आठ महिन्यांपूर्वी हौसेने घेतलेल्या मोठ्या काचांच्या चष्म्याचा स्क्रू बसमध्ये निसटला, तो सीटखाली शोधताना माझा थांबा मागे गेला, आणि चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून मी वीस मिनिटं उशिरा कामावर पोहोचले. उशिरा येणाऱ्यांना मी काय काय ऐकवते ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही. ते न बोलणंच जास्त झोंबलं.

बावीस वर्षं मी मुलांचे कान तपासते. आमच्याकडे तान्ह्या बाळांपासून सव्वीस वर्षांच्या तरुणांपर्यंत सगळ्यांची तपासणी, कानामागे लावायची मशिनं, त्यांच्या बॅटऱ्या, दुरुस्ती, सगळं सरकारी खर्चाने होतं. अट एकच, ऐकण्यातला कमीपणा ठरलेल्या मर्यादेपलीकडचा हवा. लागोपाठ दोन तपासण्यांत मूल मर्यादेच्या आत आलं, की त्याची फाईल बंद होते आणि मशिनं परत घ्यायची असतात. असं क्वचित होतं. झालं, की आमचे पाय दिवसभर जमिनीवर नसतात.

आमच्या कामात एक नियम आहे. रोज सकाळी पहिलं मूल आत यायच्या आधी हेडफोन स्वतःच्या कानाला लावायचा आणि दोन्ही बाजूंनी आवाज येतोय ना ते ऐकायचं. दोन मिनिटांचं काम. ते टाळलं म्हणून मी आजवर तीन शिकाऊ मुलींना रडवलं आहे. त्या दिवशी बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती, मला उशीर झाला होता, आणि मी ते टाळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पहिला नंबर मुंगीचा होता. हे नाव तिला केंद्रातच पडलं, कारण चार वर्षांची असताना पहिल्यांदा आली तेव्हा टेबलावरच्या खेळण्यातल्या सगळ्या रिंगा एका रांगेत लावून झाल्याशिवाय तिने कानाला हात लावू दिला नव्हता. आता ती सात वर्षांची होती. आईवडील दोघंही कामावर जाणारे, म्हणून दर वेळी आजोबा तिला घेऊन यायचे. आजोबांनी एकतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केलेली. लोकांना ‘हळू बोला’ सांगता सांगता त्यांचा स्वतःचाच आवाज इतका खाली गेला होता, की त्यांच्याशी बोलताना मलाच मशीन लावावं लागतंय की काय असं वाटायचं.

वर्षभरापूर्वी मुंगीच्या कानांत साचलेलं पाणी छोट्या ऑपरेशनने काढलं होतं. थोडा फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत थोडा नाही, चांगलाच फरक दिसला, ती पहिल्यांदाच मर्यादेच्या आत आली, आणि मी खुशीत तिच्या मशिनांचा आवाज बराच कमी करून दिला. त्यानंतर आजोबा एकदा सांगायला आले होते की पोर हाकेला ओ देत नाही, शाळेतल्या बाईही तक्रार करतात. सवय व्हायला वेळ लागतो, असं मी त्यांना जरा तोडूनच सांगितलं होतं. ते ‘बरं’ म्हणून निघून गेले. म्हणजे म्हणाले असावेत, ओठ तसे हलले होते.

तपासणीची खोली म्हणजे जाड दारांची, भिंतींना स्पंज लावलेली एक पेटीच असते. मूल आत बसतं, मी बाहेर मंद उजेडात यंत्रापाशी बसते, आणि मधे काचेची खिडकी. मुलाने एक रिंग गालाशी धरायची आणि हेडफोनमधून आवाज आला की ती समोरच्या दांडीत टाकायची. ऐकू आलं की मी आवाज आणखी बारीक करते, पुन्हा बटण दाबते. असं करत करत कानाचा तळ सापडतो. तीस रिंगा, तीस आवाज.

मुंगी त्या दिवशी पापणीही न लववता माझ्याकडे बघत बसली होती. मी बटण दाबलं, तिने रिंग टाकली. मी आवाज कमी केला, तिने रिंग टाकली. शेजारच्या खोलीत कोणी उसासा टाकावा इतका बारीक केला, तरी तिने रिंग टाकली. तीसच्या तीस. त्यातले निम्मे आवाज या वयात मलाही ऐकू आले नसते.

मी आनंदाने नुसती फुलून गेले. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी आजोबांना सांगितलं की पोरीचे कान खणखणीत आहेत. निकालावर सही केली, शिक्का मारला, फाईल बंद करायला फाईलबाईच्या टेबलावर पाठवली. मग मुंगीच्या कानांमागची निळी मशिनं काढून ट्रेमध्ये ठेवली. एकावर तिने मुंगीचं चित्र चिकटवलं होतं. ती त्या ट्रेकडे बघत राहिली. मग माझ्या ओठांकडे बघत तिने विचारलं, “किती चुकले?”

“एकही नाही,” मी म्हणाले. “सगळे बरोबर.”

खेळात जिंकल्यावर कोणी चेंडूच काढून घेतला तर मुलं जशी बघतात, तशी तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, हट्ट केला नाही. आजोबांचा हात धरून मुकाट्याने निघून गेली. मला वाटलं, सवयीची वस्तू गेली म्हणून जरा हिरमुसली असेल.

दुसरा नंबर पानाचा. पाना म्हणजे बसडेपोत गाड्या दुरुस्त करणारी पोरगी. खिशात कायम एक तरी पाना असायचा, म्हणून हे नाव. मी नोकरीला लागले त्याच वर्षी तीन वर्षांची पाना आईच्या कडेवरून आली होती. आता ती पंचवीसची झाली होती. तीन महिन्यांनी सव्वीस पूर्ण झाल्यावर सरकारचा हात सुटणार, म्हणून त्याआधीची ही शेवटची तपासणी आणि शेवटची नवी मशिनं. मोठ्या माणसांना आम्ही हातात बटण देतो, पण ती अजून रिंगाच मागायची. सवयीच्या गोष्टी बदलल्या की गाडी बिघडते, असं तिचं मत होतं.

पानाने मशिनं काढून ठेवली, हेडफोन लावला, रिंग गालाशी धरली. मी बटण दाबलं. ती बसून राहिली. आवाज वाढवला, तरी ती बसूनच. इतका वाढवला की खिडकीची काच थरथरायला हवी होती, आणि पाना नखांतलं ग्रीस बघत बसलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचा उरलासुरला कान गेला आणि आता हे हिला सांगायचं कसं, याचीच मी जुळवाजुळव करू लागले.

तेवढ्यात तिने हेडफोन काढला, खुर्चीमागे वाकून पाहिलं आणि दार उघडलं.

“मावशी, मी बहिरी आहे हे मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण हा हेडफोन माझ्याहून बहिरा आहे. मागची पिन बाहेर लोंबतेय.”

आदल्या संध्याकाळी आतला गालिचा साफ केला होता. त्या गडबडीत भिंतीतून पिना निघाल्या होत्या आणि कोणी त्या परत लावल्या नव्हत्या. मी हेडफोन माझ्या कानाला लावला, पानाला बटण दाबायला सांगितलं. काही नाही. अगदी ठार शांतता. हायसं वाटून मी हसले, आणि हसता हसताच थांबले. सकाळपासून या हेडफोनमधून आवाजच येत नव्हता, तर मुंगीने तीस आवाज कुठून ऐकले?

पानाने मशिनं परत कानांवर चढवली. तिला सगळं सांगितल्यावर ती एखादी गाडी का अडली ते शोधायला बसावं तशी बसली. “तुम्ही तुमच्या जागी बसा,” म्हणाली, “मी तिच्या जागी बसते. तिच्या वेळी करत होता तेच करा.” मी तीनदा बटण दाबलं. तिसऱ्या वेळी ती आतून खो-खो हसत सुटली आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवू लागली.

“तुमच्या चष्म्यात दिवा लागतो, मावशी. हिरवा.”

बटण दाबलं की आवाज गेल्याची खूण म्हणून माझ्या यंत्रावर एक हिरवा दिवा लागतो. खोलीत उजेड मंद, चष्म्याच्या काचा मोठ्या, आणि मी नेमकी खाली मान घालून बसणारी. बावीस वर्षांत एकाही मुलाने मला फसवलं नाही, असं मी सांगत सुटले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चष्मा आठ महिन्यांचा, मुंगीची मागची तपासणी सहा महिन्यांपूर्वीची. म्हणजे तेव्हाचा निकालही खोटा, आणि त्या खोट्या निकालावर मी त्या लेकराच्या मशिनांचा आवाज माझ्या हाताने उतरवून ठेवला होता. आता तर मशिनंच काढून घेतली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ट्रे उचलला आणि धावत सुटले.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हाताने दोऱ्याने बांधलेला चष्मा धरून धावणाऱ्या बाईला रस्ता आपोआप मोकळा मिळतो. बसथांब्यावर आजोबा नातीला हाताला धरून बसच्या पायरीशी उभे होते. पाना माझ्या पुढे गेली आणि सरळ बससमोर हात पसरून उभी राहिली. या बसचे ब्रेक मागच्याच आठवड्यात तिने बसवले होते, त्यामुळे तिला त्यांच्यावर पूर्ण भरवसा होता. ड्रायव्हर तिला ओळखत होता. त्याने कपाळावर हात मारला आणि आम्हाला सोडून बस नेली.

मी मुंगीला थांब्याच्या बाकावर बसवलं, तिच्या कानांवर मशिनं चढवली आणि समोर फरशीवरच बसले. माझा चष्मा काढून तिच्या हातात दिला. “यातला दिवा दिसायचा ना तुला?” मी विचारलं. तिने आजोबांकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि सुटका नाही हे ओळखून मान खाली घातली.

“मागच्या वेळी अर्ध्यात दिसला,” ती म्हणाली. “या वेळी पहिल्यापासून.”

“पण का गं असं केलंस?”

“मार्क कमी पडले की सरकार मशिनं परत घेतं ना.”

आजोबा तिच्याशेजारी बसले आणि पुटपुटत सगळं सांगू लागले. दर वेळी निघताना ते तिला सांगायचे, नीट लक्ष दे, आज परीक्षा आहे, परीक्षा झाली की मशिनं मिळतात. घरात आई पहिली आलेली, बाप पहिला आलेला. परीक्षा म्हटल्यावर पोर दुसरं काय समजणार? मशिनं जाऊ नयेत म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं, आणि तेवढ्यामुळेच मी ती काढून घेतली होती.

“मागच्या वेळी माझे सुरुवातीचे चुकले,” ती पुढे म्हणाली, “म्हणून आजोबा रागावलेत. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.”

आजोबा माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाले. मला पुढे वाकून ऐकावं लागलं. “मी रोज संध्याकाळी हिला गोष्ट सांगतो,” ते म्हणत होते. “ती मान हलवते.”

आम्ही चौघं परत केंद्रात आलो. पानाने भिंतीतल्या पिना घट्ट बसवल्या, मी हेडफोन दोनदा स्वतःच्या कानाला लावून पाहिला. मग पानाने यंत्रावरच्या हिरव्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, आणि खिशातून एक बारीकसा स्क्रू काढून माझा चष्माही दुरुस्त केला. एवढं झाल्यावर मुंगी आत बसायला तयार होईना. दिवा दिसणार नसेल तर पास कसं व्हायचं, हा तिचा प्रश्न होता, आणि तिच्या जागी तो बरोबरच होता. मी समजावलं, आजोबांनी समजावलं. आमच्या दोघांवरचाही तिचा विश्वास उडालेला होता.

“माझी तपासणी राहिलीच आहे,” पाना म्हणाली. “मी आधी बसते. ही बटण दाबू दे.”

मी मुंगीला मांडीवर घेतलं. आवाजाची चकती मी फिरवायची आणि बटण तिने दाबायचं, असं ठरलं. आत पाना रिंग गालाशी धरून बसली. मुंगी बटण दाबायची आणि काचेला नाक लावून बघायची. पहिल्या काही आवाजांना रिंगा पडल्या. मग मुंगी बटण दाबत राहिली आणि पाना आरामात बसून राहिली, जशी काही डेपोत जेवणाची सुट्टी झाली आहे. तिसातल्या नऊ रिंगा पडल्या. बाहेर आली ती दोन्ही हात उंचावून.

“एकवीस चुकले,” तिने मुंगीला सांगितलं. “बावीस वर्षं झाली, नापास होण्यात माझा कोणी हात धरत नाही. आणि हे बघ.” तिने केस मागे सारून आपली दोन्ही मशिनं दाखवली. “दर वेळी नापास आणि दर वेळी मशिनं.”

मुंगीने ती मशिनं हात लावून पाहिली. मग मला खोटं बोलायला जागा राहू नये म्हणून माझ्याकडे वळून विचारलं, काहीच ऐकू आलं नाही तर काय करायचं? मी म्हटलं, रिंग गालालाच धरून ठेवायची. तेही उत्तरच असतं, आणि तेच मला हवं आहे.

ती आत जाऊन बसली. पहिल्या, मोठ्या आवाजांना तिने रिंगा टाकल्या. मग मी आवाज उतरवला आणि बटण दाबलं. तिचा हात गालावरून निघाला, दांडीपर्यंत आला, थांबला. तिने माझ्या चष्म्यात पाहिलं. तिथे आता काही नव्हतं. हात हळूहळू परत गालाशी गेला. बावीस वर्षांत मी मुलांना पुष्कळ धाडसं करताना पाहिलं आहे, सुया टोचून घेताना, ऑपरेशनच्या खोलीत एकटं जाताना. पण त्या परत गेलेल्या हाताइतकं मोठं धाडस मी पाहिलेलं नाही. पुढचं बटण दाबायच्या आधी मला चष्मा पुसून घ्यावा लागला.

अकरा रिंगा पडल्या. मुंगी रिंगांची टोपली दोन्ही हातांनी धरून बाहेर आली आणि उरलेल्या रिंगा तिने माझ्या टेबलावर एका रांगेत लावल्या.

“एकोणीस,” तिने अभिमानाने पानाला सांगितलं. पानाच्या एकवीसला दोनच कमी पडल्या, याची तिला जरा चुटपुट लागलेली दिसली.

मी फाईलबाईकडे गेले. सरकारी कागद फाडता येत नाही. मी लाल शाईने सकाळच्या निकालावर आडवं लिहिलं की तपासणाऱ्या बाईंनी सकाळी हेडफोन ऐकून पाहिला नव्हता, निकाल रद्द. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर लिहिलं की मुलीला तपासणाऱ्या बाईंच्या चष्म्यात दिवा दिसत होता, निकाल रद्द. खाली पूर्ण सही केली. फाईलबाईने दोन्ही कागद दोनदा वाचले. “बावीस वर्षांत तुमच्या हातची पहिली खाडाखोड,” एवढंच ती म्हणाली, आणि तिने इतक्या जोरात शिक्का मारला की टाचण्यांची डबी उडाली. फाईल पुन्हा उघडली. कोणाकोणाला हा दिवा दिसला असेल म्हणून गेल्या आठ महिन्यांतल्या सगळ्या लहान मुलांना परत बोलवायची यादीही तिनेच करायला घेतली.

राहिलं मशिनांचं काम. ती मुंगीच्या कानांवर असतानाच वायरने कॉम्प्युटरला जोडून मी खऱ्या निकालाप्रमाणे आवाज एकेक पायरी वर नेला. मुंगी माझ्यासमोर खुर्चीत बसली होती, आजोबांकडे पाठ करून. आजोबा दाराशी उभे होते, खांद्याला पिशवी. काम संपलं असं वाटून ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात, पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये बोलावं तसं पुटपुटले, “निघायचं का आता?” त्यांचे ओठ हललेले दिसले म्हणून मला कळलं.

मुंगी गर्रकन वळली. तिला कोणी हात लावला नव्हता, कोणी खूण केली नव्हती. ती आजोबांकडे बघत राहिली आणि मग तिने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला ना, आजोबा,” ती म्हणाली. “केवढ्यानं ओरडताय.”

एकतीस वर्षं जे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं ते त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं. “बरं, हळू बोलतो,” म्हणाले. मग पिशवी खाली ठेवून ते मुंगीशेजारच्या स्टुलावर बसले आणि सहा महिन्यांपूर्वीची पहिली गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतली. पुढचा नंबर बाहेर ताटकळत होता आणि मी रागावले नाही. बस तोवर दोनदा येऊन गेली.